पाटी तुमची, पण पत्ता कुणाच्या नावावर?

(पोस्ट लांब आहे. ज्यांचं दुकान, क्लास, दवाखाना, डबा, फराळ, वर्कशॉप असं काहीही आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी अशा एखाद्या ओळखीच्याला पाठवा.)

लक्ष्मी रोडवरच्या किंवा रविवार पेठेतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, "गाळा कुणाच्या नावावर आहे?" क्षणात उत्तर मिळेल. मालकीचा, पागडीचा की लीव्ह अँड लायसन्सवर, करार कधी संपतो, भाडं दरवर्षी किती वाढतं, लाइटचं मीटर कुणाच्या नावावर आहे, सगळं तोंडपाठ. आजोबांच्या काळातली भाडेपावतीसुद्धा कपाटातून काढून दाखवतील.

आता त्याच माणसाला विचारा, "तुमच्या वेबसाइटचं डोमेन कुणाच्या नावावर आहे?"

"ते आमचा तो मुलगा बघतो."

कोणता मुलगा?

"पूर्वी यायचा हो. आता हिंजवडीला नोकरीला लागलाय. हल्ली फोन उचलत नाही."

ज्या गावात सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, ज्या गावाला उठता-बसता आयटी सिटी म्हणतात, त्या गावातल्या छोट्या व्यापाऱ्याची ही अवस्था आहे. आणि याचा दोष मी त्या व्यापाऱ्याला देत नाही. त्याला गेली पंधरा वर्षं सगळ्यांनी मिळून चुकीचा प्रश्न विचारायला शिकवलाय. "वेबसाइट कितीत होईल?" आणि "किती दिवसांत होईल?" हे दोनच प्रश्न. तिसरा प्रश्न कुणी शिकवलाच नाही: "उद्या तुमच्याकडून निघायचं ठरवलं, तर माझ्या हातात काय उरेल?"

माझं म्हणणं एवढंच आहे की ऑनलाइन साधन निवडताना हा तिसरा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. बाकी सगळं नंतर.

फुकटची गोष्ट, सनावळीसकट

नोव्हेंबर २०११. गूगलने होस्टगेटर कंपनीबरोबर भारतातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी मोहीम काढली. फुकट वेबसाइट, फुकट डॉट इन डोमेन. फुकट किती दिवस? पहिलं एक वर्ष. त्यानंतर पैसे.

जानेवारी २०१७. सुंदर पिचाई दिल्लीला आले, फिक्कीबरोबर 'डिजिटल अनलॉक्ड' नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम जाहीर केला. त्याच वेळी आणखी एक घोषणा झाली: छोट्या धंद्यांना मोबाइलवरून दहा मिनिटांत फुकट वेबसाइट. गूगल मॅपवर आपल्या दुकानाची नोंद केली की त्यातूनच एक पान तयार व्हायचं आणि पत्ता मिळायचा: तुमचं नाव, पुढे 'बिझनेस डॉट साइट'. लोकांनी आनंदाने केलं. का नाही करणार? फुकट होतं, सोपं होतं आणि खाली गूगलचं नाव होतं. तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर गेला, पिशव्यांवर गेला, टेम्पोच्या मागच्या फळीवर रंगवला गेला.

मार्च २०२४. गूगलने ही सगळी पानं बंद केली. १० जून २०२४ पर्यंत त्या पत्त्यावर येणाऱ्याला मॅपवरच्या नोंदीकडे वळवलं जाईल एवढी सवलत दिली. त्यानंतर त्या पत्त्यावर 'पान सापडत नाही'.

सात वर्षं. आपल्याकडे सात वर्षांत पेढीला जेमतेम नाव मिळायला लागतं.

आता यात गूगलने कायदा मोडला का? अजिबात नाही. पूर्वसूचना दिली होती, पैसे घेतलेच नव्हते, त्यामुळे परत मागण्याचाही प्रश्न नाही. मुद्दा गूगल वाईट आहे हा नाहीच. ती पत्र्याची शेड दुसऱ्याच्या जागेवर होती, जागावाल्याने काढायला सांगितली. आपण मात्र तिला दुकान समजत होतो.

यात एक बारकावा आहे आणि मला वाटतं सगळी शिकवण त्यातच आहे. ज्यांनी त्याच फुकटच्या पानाला स्वतःच्या नावाचं, वर्षाला काही शे रुपयांचं डोमेन जोडलं होतं, त्यांचंही पान गेलं. पण पत्ता गेला नाही. तोच पत्ता त्यांना दुसऱ्या सेवेवर नेऊन लावता आला. कार्डं तीच, पिशव्या त्याच, टेम्पोही तोच. गिऱ्हाइकाला कळलंसुद्धा नाही.

"आमचं सगळं इन्स्टावर आहे"

हे वाक्य हल्ली रोज ऐकू येतं. भीमथडी जत्रेत बचत गटांच्या स्टॉलवर जा, चटणी-लोणच्याच्या बाटलीवर पत्ता म्हणून इन्स्टाग्रामचं नाव आणि व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर. वाईट आहे का? नाही. गिऱ्हाईक जिथे आहे तिथे आपण असायलाच हवं. मंडईत गर्दी असेल तर टोपली मंडईतच लावायची.

पण टोपली आणि दुकान यातला फरक आठवा.

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. रात्री नवाच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडलं. सुमारे सहा तास. घटस्थापनेच्या तीन दिवस आधी. ज्यांच्या ऑर्डरी, गिऱ्हाइकांची यादी, मालाचे फोटो आणि भाव हे सगळं त्या एकाच कंपनीच्या तीन अ‍ॅपमध्ये होतं, त्यांना त्या रात्री 'आम्ही आहोत' एवढं सांगायलाही जागा नव्हती. तेव्हा सहा तासच होते म्हणून आपण हसण्यावारी नेलं.

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, ती सहा तासांची नव्हती. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण ज्यांनी दोन-तीन वर्षं रोज व्हिडिओ टाकून तिथे गिऱ्हाईक जमवलं होतं, त्यांची सगळी जमवाजमव एका आदेशात गेली. त्यातल्या एकाही फॉलोअरचा फोन नंबर त्यांच्या वहीत नव्हता.

आणि व्हॉट्सअ‍ॅप? भारतातली लाखो खाती ही कंपनी दर महिन्याला बंद करते, हे तिच्याच मासिक अहवालांत असतं. त्यातली बहुतेक फसवणूक करणारी, स्पॅम पाठवणारी असणार, मान्य. पण दिवाळीच्या आधी चारशे जणांना एकाच वेळी फराळाची यादी पाठवणारी आपली काकू आणि स्पॅम पाठवणारा भामटा, यातला फरक यंत्राला दर वेळी कळेलच अशी खात्री कोण देणार? आणि नाही कळला तर दाद कुठे मागायची? मुंढव्यात त्यांचं ऑफिस नाहीये.

परक्यांपेक्षा घरचे

अमेरिकेतल्या कंपन्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आता आपल्याच गल्लीतल्या 'डिजिटल सोल्यूशन्स'कडे वळू.

पॅकेज साधारण असं असतं: "डोमेन, होस्टिंग, एसएसएल, पाच पानं, लोगो फ्री. एकदम वाजवी." व्यापारी खूश. वर्षभर सगळं छान. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचं बिल दुप्पट. विचारलं तर "सर, रेट वाढले". "मग मी दुसरीकडे नेतो" म्हटलं की खरी गंमत सुरू होते. तेव्हा कळतं की डोमेन एजन्सीच्या नावावर आहे. ईमेल एजन्सीचा, मोबाइल एजन्सीचा, लॉगिन एजन्सीकडे. तुम्ही दिलेत फक्त पैसे.

कोथरूडला घरून फराळ आणि दिवाळीच्या भेटपेट्या करणाऱ्या एका बाईंचं उदाहरण जवळून पाहिलंय. सहा वर्षं घासून नाव केलं. वेबसाइट करून देणाऱ्याने गाशा गुंडाळला. डोमेनची मुदत संपली. रजिस्ट्रारची स्मरणपत्रं त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिली. मुदतीनंतरची सवलतीची मुदतही संपली. मग ते नाव कुणीतरी भलत्यानेच घेतलं आणि तिथे जुगाराच्या जाहिराती झळकायला लागल्या. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन, "ताई, तुमच्या वेबसाइटवर हे काय?" यात कुणी चोरी केली नाही, कुणी हॅक केलं नाही. नुसतं एक नाव चुकीच्या माणसाच्या खात्यात होतं.

सगळेच वेबसाइटवाले असे नसतात. प्रामाणिक काम करणारी, रात्री अकराला फोन उचलणारी मुलंही या गावात भरपूर आहेत. पण प्रामाणिक माणसाचाही अपघात होतो, त्याचंही लग्न होऊन तो बंगळुरूला जातो. म्हणून तर आपण भाऊबंदांतसुद्धा कागद करतो. मग इथेच सगळं तोंडी का?

आणि बिलातली एक ओळ बघा: एसएसएल. पत्त्याच्या आधी कुलूप दिसतं ते प्रमाणपत्र. 'लेट्स एन्क्रिप्ट' नावाची ना-नफा संस्था २०१६ पासून हे फुकट देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्यांकडे ते आपोआप लागतं, आपोआप नूतन होतं. मोठ्या बँकेला वेगळं प्रमाणपत्र लागत असेल, पण तुमच्या पाच पानी वेबसाइटला ते पुरतं. त्याचे दरवर्षी दोन-तीन हजार लावले असतील तर शांतपणे विचारा, "हे कशाचे?" बसवण्याची मजुरी म्हणाला तर ठीक. मजुरी घ्यावी, फक्त ती मजुरी म्हणूनच बिलात लिहावी.

मग निवडायचं कसं?

तीन गोष्टी स्वतःच्या ठेवा. नाव, माल आणि गिऱ्हाईक.

१. नाव म्हणजे डोमेन. स्वतःच्या कार्डाने, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन घ्या. एजन्सीला कामापुरता प्रवेश द्या, मालकी नाही. डॉट इन ची नोंद 'निक्सी' या आपल्याच देशातल्या संस्थेच्या अखत्यारीत होते आणि २००५ पासून ते कुणालाही घेता येतं. ते कायमचं विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं, त्यामुळे परवडत असेल तर चार-पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. पहिल्या वर्षाच्या 'ऑफर'ला भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर आधी बघा.

आपलं डोमेन कुणाच्या नावावर आहे हे शोधायला गेलात तर बऱ्याचदा मालकाचं नाव झाकलेलं दिसतं. म्हणून खरी परीक्षा वेगळी आहे. जिथून डोमेन घेतलंय त्या कंपनीच्या खात्यात कुणाच्या ईमेलने लॉगिन होतं? पासवर्ड विसरलो तर तो बदलायची लिंक कुणाला जाते? ज्याला जाते तो मालक.

२. माल म्हणजे मजकूर, फोटो, वस्तूंची यादी, भाव. हे बाहेर काढता येतं का, हे सेवा घेण्याआधी विचारायचं. विक्सवर केलेलं पान दिसायला देखणं आणि करायला सोपं, पण ते जसंच्या तसं उचलून दुसऱ्या होस्टिंगवर चालवता येत नाही. शॉपिफायमधून मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी फाइलमध्ये काढता येते, पण दुकानाची मांडणी तिथेच राहते. वर्डप्रेस हे २००३ पासूनचं खुलं सॉफ्टवेअर, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. ते एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर सगळ्या सामानासकट नेता येतं आणि त्यातलं काम येणारा माणूस पुण्यात दर चौकात सापडतो. आपल्या छोट्या धंद्याला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो मला. एकालाच येणारं यंत्र दुकानात बसवू नये.

म्हणजे विक्स, शॉपिफाय घेऊच नका असं नाही. रोज पन्नास पार्सलं जात असतील तर महिन्याचं भाडं भरून तयार दुकान घेणं शहाणपणाचंच आहे. भाड्याच्या गाळ्यात धंदा करण्यात काही कमीपणा नाही. भाड्याचा आहे हे माहीत असलं पाहिजे, एवढंच. आणि महिन्यातून एकदा यादी आणि फोटो बाहेर काढून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवले पाहिजेत.

३. गिऱ्हाईक म्हणजे नाव, नंबर, ईमेल, त्याने आधी काय घेतलं होतं. ही यादी तुमच्या हातात हवी. घरपोच डिलिव्हरीच्या अ‍ॅपवरून ऑर्डर आली तर गिऱ्हाईक अ‍ॅपचं असतं, तुमच्याकडे फक्त पदार्थाचं नाव येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातल्या हॉटेलवाल्यांनी अ‍ॅपमधून 'लॉगआउट' व्हायची मोहीम काढली होती. राग सवलतींचा होता, पण अशा वेळी कळतं की बाहेर पडलं तर नेहमीच्या गिऱ्हाइकाला 'आम्ही अजून आहोत' हे सांगायची सोय आपल्याकडे नाही.

यादी ठेवायची तर जबाबदारीही येते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा छोट्यांनाही विसरत नाही. नंबर घेताना कशासाठी घेतोय ते सांगा, नको म्हणाला तर काढून टाका आणि यादी कुणाला विकू नका. तसंच, वेबसाइटवरून थेट विक्री करत असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे धंद्याचं नाव, पत्ता, संपर्क, परताव्याची अट हे स्पष्ट दिसलं पाहिजे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही आपली लाडकी पाटी तिथे जशीच्या तशी चालत नाही, खराब माल परत घ्यावाच लागतो.

पैशाचा हिशेबही करून बघा. महिन्याला पन्नास हजारांच्या ऑर्डरी धरा. स्वतःच्या वेबसाइटवर पेमेंट गेटवेने दोन टक्के घेतले तर हजार रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८० रुपये. एकूण ११८०. त्याच ऑर्डरी वीस टक्के कमिशनच्या अ‍ॅपवरून आल्या तर दहा हजार, वर कर वेगळा. अ‍ॅप त्या दहा हजारांत डिलिव्हरी आणि नवं गिऱ्हाईक देतं हे खरं. पण जे गिऱ्हाईक दहा वर्षं तुमचंच आहे, कर्वेनगरातून तुमच्याच नावाने शोधत येतंय, त्याच्यावरही वीस टक्के का मोजायचे? दुकानात क्यूआर लावला तर यूपीआयवर २०२० पासून एमडीआर शून्य आहे. वेबसाइटवर मात्र गेटवे यूपीआयवरसुद्धा स्वतःचं शुल्क लावू शकतो, ते आधी विचारून घ्या.

आणि हो, प्रत्येकाला ऑनलाइन दुकान लागत नाही. चावीवाल्याला, इस्त्रीवाल्याला, तांबट आळीतल्या कारागिराला एक पान पुरे: काय करतो, कुठे बसतो, केव्हा उघडं असतं, फोन, चार फोटो. मॅपवरची नोंद नीट भरलेली. दुपारी एक ते चार बंद असेल तर तेही लिहा, पुण्यात कुणी रागावणार नाही. ज्याला एका पानाची गरज आहे त्याला चाळीस हजारांचं कार्ट विकणारा माणूस सल्लागार नव्हे.

मराठी पाटी दारावर, वेबसाइटवर का नाही?

दुकानांच्या मराठी पाट्यांवरून केवढा गदारोळ झाला. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. आणि त्याच दुकानाची वेबसाइट उघडा: 'वेलकम टू अवर वेबसाइट', खाली कुठल्यातरी अमेरिकन ऑफिसमधल्या हसऱ्या लोकांचा फोटो. शेव-चिवड्याच्या दुकानाला!

यामागे तांत्रिक कारणही आहे, आणि ते सोडवता येण्यासारखं आहे. आपल्या दुकानदारांची पत्रकं, दरपत्रकं, मेनूकार्डं वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये झालीत. श्रीलिपी याच पुण्यात तयार झाली आणि छपाईसाठी तिने मोठं काम केलं. पण त्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवला की अक्षरांऐवजी चिन्हांचा खिचडा दिसतो. मग वेबसाइटवाला म्हणतो, "सर, मराठी सपोर्ट होत नाही, इंग्रजीत टाकू." हे धादांत खोटं आहे. मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, रूपांतर करणारी साधनं आहेत. मुक्ता, बालूसारखे देखणे देवनागरी फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेत आणि ते फुकट वापरता येतात. मराठीत 'उकडीचे मोदक ऑर्डर' असं शोधणाऱ्या माणसाला तुम्ही सापडावं असं वाटत असेल, तर ते शब्द तुमच्या पानावर असायला हवेत. आणि खरेखुरे अक्षरांतच हवेत, पत्रकाच्या फोटोत नव्हेत.

देवनागरीत 'डॉट भारत' डोमेन ऑगस्ट २०१४ पासून मिळतं. जरूर घ्या, पण जोडीला. अजूनही अनेक फॉर्म आणि अ‍ॅप ते ओळखत नाहीत, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

यावर येणारी उत्तरं मला माहीत आहेत

"आम्हाला वेळ नाही." तुम्हाला जीएसटी भरायला, शॉप अ‍ॅक्टची नोंद करायला वेळ मिळतो, कारण त्याचं महत्त्व पटलंय. डोमेनसाठी वर्षातून अर्धा तास लागतो.

"वर्डप्रेस हॅक होतं." होतं. अपडेट न करता, चोरून आणलेल्या थीम आणि वीस-वीस प्लगिन लावून दोन वर्षं तसंच सोडलं की होतंच. शटर उघडं ठेवून गावाला गेलं की दुकानाचंही तेच होतं. प्लगिन कमी ठेवा, अपडेट आपोआप होऊ द्या, रोजचा बॅकअप होस्टिंगच्या बाहेर ठेवा. हे जमत नसेल तर देखभालीचे महिन्याचे पैसे एखाद्या चांगल्या मुलाला द्या. मी फुकट्यांच्या बाजूने लिहीत नाहीये. कष्टाचे पैसे द्यावेत, मालकी मात्र देऊ नये.

"आमचा वेबसाइटवाला घरच्यासारखा आहे." उत्तम. मग त्याला लॉगिन तुमच्या नावावर करून द्यायला काहीच हरकत नसणार. आज विचारा. उत्तर द्यायला जेवढे दिवस घेईल त्यावरून काय ते समजेल.

आता मोठ्यांना प्रश्न

हे सगळं प्रत्येक दुकानदाराने एकट्याने शिकावं, असं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

मराठा चेंबर १९३४ पासून या गावात आहे. पुणे व्यापारी महासंघ आहे. प्रत्येक पेठेची, प्रत्येक मालाची संघटना आहे. महापालिकेचा समाजविकास विभाग बचत गटांसाठी काम करतो. आपल्याकडे 'डिजिटल साक्षरता' शिबिरांना तोटा नाही. त्यात शिकवतात काय? अकाउंट उघडा, पेज बनवा, रील टाका. म्हणजे दुसऱ्याच्या जागेत शेड कशी टाकायची हे. शिबिर संपल्यावर अहवालात आकडा येतो, इतक्या जणांना ऑनलाइन आणलं. तीन वर्षांनी त्यातले किती जण स्वतःच्या पत्त्यावर उभे आहेत, हा आकडा कुणी मागत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, एका पानाचा मराठी नमुना करार. त्यात चारच कलमं: डोमेन ग्राहकाच्या नावावर, सगळे पासवर्ड ग्राहकाकडे, काम सोडताना पूर्ण बॅकअप ठरलेल्या दिवसांत, दुसऱ्या वर्षापासूनचा दर आधी लेखी. चेंबरने आणि महासंघाने तो छापून वाटावा. एका वकिलाचं एका संध्याकाळचं काम आहे.

दोन, सरकारी किंवा पालिकेच्या पैशातून होणाऱ्या कुठल्याही प्रशिक्षणात प्रशिक्षणार्थीच्या नावावर डोमेन नोंदवल्याशिवाय वेबसाइट 'पूर्ण' धरू नये. ठेकेदाराच्या नावावर शंभर बचत गटांची डोमेनं नोंदवून बिल काढण्याचा खेळ मुळातच शक्य राहू नये.

तीन, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी दरवर्षी तीच 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम' प्रोजेक्ट म्हणून करण्याऐवजी मुलांना तुळशीबागेत पाठवावं. एका दुकानाची मालकी तपासा, बॅकअप घेऊन द्या, जुन्या फॉन्टमधलं दरपत्रक युनिकोडमध्ये करून द्या. मुलं शिकतील आणि दुकानदारही.

यातल्या एकाही गोष्टीला कोट्यवधी लागत नाहीत, स्मार्ट सिटीचा फलकही लागत नाही.

अगदी नाही जमलं तर आज रात्री दुकान बंद करून घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या वेबसाइटचं डोमेन ज्या कंपनीकडून घेतलंय त्या खात्यात स्वतः लॉगिन करून बघा. झालं तर मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहा. नाही झालं तर उद्या सकाळी पहिला फोन त्या मुलाला. हिंजवडीला असला तरी हरकत नाही, दुपारी जेवायच्या सुट्टीत उचलेल. गोड बोलून, चहा पाजून, पण लेखी घेऊन, ते आपल्या नावावर करून घ्या.

गणपतीच्या आणि दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यावर हे काम होत नसतं. आत्ताच करा.

पटलं तर आपल्या पेठेच्या, सोसायटीच्या, संघटनेच्या ग्रुपवर पाठवा. पटलं नाही तर खाली वाद घाला, मी आहे. फक्त एक अट: आधी लॉगिन करून बघा, मग वाद घालायला या.